सिंगापूरहून निघालेले की-७७ : एका दुर्मिळ जपानी विमानाच्या बेपत्ता होण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे विमान नेमके कोणते आणि त्याला दुर्मिळ का म्हणतात?

जपानच्या ताचिकावा कंपनीने बांधलेल्या या विमानाला लष्करी नोंदींत की-७७ आणि नागरी व्यवहारात ए-२६ असे नाव होते. अशी केवळ दोनच विमाने तयार झाली. त्यांपैकी पहिले विमान दुसरे महायुद्ध संपेपर्यंत टिकले. दुसरे ७ जुलै १९४३ रोजी सिंगापूरहून जर्मनांच्या ताब्यातील क्रिमियाकडे झेपावले आणि हिंदी महासागरावर कुठेतरी नाहीसे झाले. या पानावरील बहुतेक प्रश्न या दुसऱ्या विमानाविषयीच आहेत.

लष्करी विमानाच्या नावात एका वृत्तपत्राचा उल्लेख का सापडतो?

कारण हे विमान मुळात लष्करासाठी योजलेलेच नव्हते. जपानचा पहिला सम्राट मानल्या जाणाऱ्या जिम्मूच्या राज्यारोहणाला पारंपरिक गणनेप्रमाणे १९४० साली २,६०० वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने ‘असाही शिंबून’ या वृत्तपत्राने तोक्यो ते न्यूयॉर्क न थांबता उडू शकेल असे विमान बांधून घेण्याचे ठरवले. ए-२६ या नावातला ‘ए’ असाहीचा, आणि २६ हा आकडा त्या २,६०० वर्षांचा. तोक्यो विद्यापीठाच्या विमानविद्या संशोधन संस्थेने आराखडा केला आणि त्या कामाचे नेतृत्व हिदेमासा किमुरा यांच्याकडे होते. याच संस्थेच्या ‘कोकेन’ नावाच्या विमानाने मे १९३८ मध्ये सुटल्या ठिकाणी परत येणाऱ्या मार्गावर फेऱ्या मारत ११,६५१ किलोमीटर उडून जागतिक विक्रम केला होता, त्यामुळे लांब पल्ल्याचे गणित या मंडळींना नवे नव्हते. युद्धानंतर जपानने वायएस-११ हे प्रवासी विमान बनवले, त्या प्रकल्पातही किमुरा होते.

डिसेंबर १९४१ मध्ये पॅसिफिक युद्ध सुरू झाले आणि न्यूयॉर्कच्या सदिच्छाफेरीला काही अर्थच उरला नाही. काम थांबले. पुढे १९४२ मध्ये लष्कराने स्वतःच्या गरजेसाठी ते पुन्हा हाती घेतले आणि १८ नोव्हेंबर १९४२ रोजी पहिल्या विमानाने उड्डाण केले.

मग याला लष्करी वाहतूक विमान म्हणणे योग्य आहे का?

काटेकोरपणे पाहिले तर ते दूरपल्ल्याचे प्रायोगिक आणि दळणवळणाचे विमान होते. त्यात तोफा, बंदुका किंवा बॉम्ब काहीही नव्हते आणि माल ठेवण्याजोगी प्रशस्त जागाही नव्हती. परंतु दुसऱ्या विमानाचे शेवटचे काम लष्करी अधिकाऱ्यांना एका खंडातून दुसऱ्या खंडात पोचवण्याचे होते आणि त्या मोहिमेचा आदेशही लष्कराचाच होता. म्हणून निदान त्या उड्डाणापुरते त्याला लष्करी वाहतूक विमान म्हणायला हरकत नसावी. काही यादींत त्याची गणना बॉम्बफेकी विमानांत केलेली दिसते, ती मात्र चुकीची आहे.

दोन इंजिनांचे विमान इतके दूर कसे उडू शकत होते?

उत्तर पंखांत आणि टाक्यांत आहे. विमानाची लांबी १५.३ मीटर, तर पंखांचा विस्तार जवळजवळ २९.४ मीटर, म्हणजे लांबीच्या दुपटीला थोडाच कमी होता. असे लांब आणि अरुंद पंख हवेचा अडथळा कमी करतात आणि मंद वेगाने, थोड्या इंधनात दूर जाण्यास मदत करतात. नाकाजिमाची दोन तारकाकार इंजिने प्रत्येकी सुमारे १,१७० अश्वशक्तीची होती. रिकामे विमान सव्वासात टनांच्या आसपास, आणि पूर्ण भरल्यावर साडेसोळा टनांहून जास्त. या दोन आकड्यांमधला बहुतेक फरक इंधनाचा होता. सिंगापूरहून निघताना त्यात सुमारे ८ टन इंधन होते, म्हणजे विमानापेक्षा त्याच्या पोटातले इंधनच जड होते.

केबिन बंदिस्त असली तरी तिच्यात कृत्रिम दाब राखण्याची सोय नव्हती. अशा विमानात जास्त उंचीवर जायचे तर माणसांना प्राणवायूचे मुखवटे लावून बसावे लागते. चाचण्यांच्या काळात इंजिनांच्या तेलाचे तापमान आटोक्यात ठेवण्याची अडचण वारंवार उद्भवली होती. हे दोन्ही मुद्दे पुढे पुन्हा येतील.

क्षमतेविषयी मात्र शंका घेण्यास जागा नाही. एप्रिल १९४३ मध्ये जपानमधील फुस्सा येथून सिंगापूरपर्यंतचे सुमारे ५,३३० किलोमीटर अंतर न थांबता १९ तासांच्या आसपास कापले गेले. जुलै १९४४ मध्ये पहिल्या विमानाने मांचुरियात त्रिकोणी मार्गावर १९ फेऱ्या मारून ५७ तास १२ मिनिटांत १६,४३५ किलोमीटर अंतर पार केले, आणि उतरले तेव्हाही टाक्यांत सुमारे ८०० लिटर इंधन शिल्लक होते. युद्ध चालू असल्याने हा विक्रम आंतरराष्ट्रीय नोंदीत गेला नाही.

जर्मनीकडे माणसे पाठवण्यासाठी विमानच का हवे होते?

जर्मनी आणि जपान युद्धात एकाच बाजूला होते, पण त्यांच्यामधली सगळी जमीन आणि बहुतेक समुद्र शत्रूच्या किंवा तटस्थ देशांच्या हाती होता. उरला मार्ग पाणबुड्यांचा, आणि तो फार संथ होता. आय-८ ही जपानी पाणबुडी १९४३ च्या जूनमध्ये जपानहून निघाली आणि ऑगस्टच्या अखेरीस फ्रान्समधील ब्रेस्टला पोचली. मराठी वाचकांना याच मार्गाचे परिचित उदाहरण म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा प्रवास. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते जर्मनीहून यू-१८० या पाणबुडीतून निघाले, एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून जपानी आय-२९ मध्ये गेले आणि मे महिन्यात सुमात्राजवळच्या साबांग बेटावर उतरले. एका माणसाला पोचवायला तीन महिने आणि दोन नौदलांच्या दोन पाणबुड्या लागल्या. हेच अंतर दीड दिवसात कापणारे विमान हाताशी असेल तर सेनाधिकाऱ्यांना त्याचा मोह पडणारच.

सोव्हिएत प्रदेशावरून जाणे सोपे नव्हते का?

अंतराच्या दृष्टीने सोपे होते आणि ते करूनही झाले होते. जुलै १९४२ मध्ये इटलीचे एसएम-७५ जातीचे विमान युक्रेनमधील झापोरिझ्झियाहून निघून सोव्हिएत प्रदेश ओलांडत अंतर्गत मंगोलियातील बाओतोऊ येथे उतरले, तेथून तोक्योला गेले आणि त्याच महिन्यात परतलेही. पण जपान आणि सोव्हिएत संघ यांच्यात एप्रिल १९४१ पासून तटस्थतेचा करार होता. इटलीने आपल्या पराक्रमाला प्रसिद्धी दिली आणि जपानी सरकारची पंचाईत झाली. करार मोडल्याचा ठपका येऊ नये म्हणून की-७७ च्या वेळी सोव्हिएत आकाश टाळायचेच, असे जपानचे पंतप्रधान तोजो यांच्या सरकारचे ठाम मत पडले. म्हणून दक्षिणेचा, हिंदी महासागरावरचा मार्ग ठरला.

हा मार्ग हिंदुस्थानावरून जात होता का?

सिंगापूर ते क्रिमिया हे पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत कमी अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर आहे. ती रेषा बंगालच्या उपसागरावरून आजच्या ओडिशा-छत्तीसगडच्या बाजूने मध्य भारतात शिरते आणि पुढे वायव्येकडे निघून जाते. ब्रिटिश हिंदुस्थानाचे विमानतळ, रडार आणि लढाऊ विमाने यांच्या डोक्यावरून निःशस्त्र विमान नेणे म्हणजे आगीत उडी घेणे होते. त्यामुळे समुद्रावरून वळसा घेणे भाग होते. त्याने अंतर वाढले, तरी विमानाच्या आवाक्यात सहज बसत होते. इंधन संपून विमान पडले असावे, हा तर्क मला म्हणूनच कमकुवत वाटतो.

विमानात कोण होते?

एकूण आठ जण. पाच जणांचे चालकदल आणि तीन लष्करी अधिकारी. मुख्य वैमानिक नागातोमो होते आणि दलात असाही वृत्तपत्राच्या विमान विभागाची अनुभवी माणसे होती.

त्यांपैकी केन्जी त्सुकागोशी यांचे नाव जपानबाहेरही गाजलेले होते. एप्रिल १९३७ मध्ये ‘कामिकाझे’ नावाच्या लहान विमानाने तोक्योजवळच्या ताचिकावाहून लंडनच्या क्रॉयडनपर्यंत ९४ तास आणि काही मिनिटांत मजल मारली, तेव्हा वैमानिक मासाआकी इइनुमा यांचे सहकारी त्सुकागोशीच होते. ते विमान वाटेत कलकत्ता आणि कराची येथे थांबले होते. (पुढच्या आत्मघातकी हल्ल्यांशी त्या विमानाचा संबंध नाही. ते नाव तेव्हा वृत्तपत्रीय विक्रमाचे होते.) त्सुकागोशी यांच्या आई इंग्रज होत्या. लंडनमध्ये टाळ्यांच्या गजरात स्वागत झालेला हा माणूस सहा वर्षांनी ब्रिटिशांची नजर चुकवत त्याच पश्चिम दिशेला निघाला होता.

७ जुलै १९४३ रोजी काय घडले?

३० जून रोजी विमान जपानहून निघून सिंगापूरला आले. इंधनाने भरलेले विमान तेथल्या धावपट्टीवरून उठणे कठीण होते, म्हणून धावपट्टी सुमारे १,००० फुटांनी वाढवण्यात आली. लष्कराने मोहिमेला ‘सेइको’, म्हणजे यश, असे नाव दिले होते. चालकदल तिला खाजगीत आत्महत्येचे उड्डाण म्हणत असे. यावरून निघणारी माणसे कोणत्याही भ्रमात नव्हती हे दिसते.

उड्डाणाची वेळ सकाळी ७ वाजून १० मिनिटे अशी दिली जाते. जपानव्याप्त सिंगापुरात घड्याळे तोक्योच्या वेळेवर चालत. ही वेळ त्या घड्याळाची धरली, तर तेथे अजून सूर्योदय व्हायचा होता. अंधारात निघणे हेतुपूर्वकच असणार. जायचे होते ते क्रिमियातील साराबुस या जर्मन लष्करी विमानतळावर. दोनच दिवसांपूर्वी त्याच्या उत्तरेला कुर्स्कची प्रचंड लढाई पेटली होती, तरी क्रिमिया तेव्हा जर्मनांच्या भक्कम ताब्यात होता.

विमान उठले आणि पश्चिमेकडे गेले. त्यानंतर ते साराबुसला पोचले नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही विमानतळावर उतरल्याची नोंद नाही.

ब्रिटिश लढाऊ विमानांनी ते पाडले, हे खरे मानावे का?

हा सर्वांत लोकप्रिय खुलासा आहे, आणि तो नीट तपासला पाहिजे.

त्याच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे. मार्गदर्शनाच्या सोयीसाठी जर्मनांनी जे बिनतारी संदेश पाठवले, ते ब्रिटिश संकेतभेदकांनी उकलले होते आणि त्यामुळे या उड्डाणाची चाहूल त्यांना आधीच लागली होती, असे सांगितले जाते. त्या काळात ब्रिटिश जर्मनांचे संकेत मोठ्या प्रमाणावर वाचत होते, त्यामुळे हे पटण्यासारखे आहे.

पण चाहूल लागणे वेगळे आणि अथांग समुद्रावर एकटे विमान गाठणे वेगळे. कथेच्या नेहमीच्या रूपात लढाऊ विमाने चागोस द्वीपसमूहातील दिएगो गार्सियाहून उडाली असे येते, आणि इथे कथा लंगडी पडते. १९४३ मध्ये त्या बेटावर ब्रिटिशांचा तळ होता हे खरे, पण तो पाण्यावर उतरणाऱ्या कॅटालिनासारख्या उडत्या नौकांचा होता. चाकांच्या विमानांसाठी तेथे धावपट्टीच नव्हती. ती अमेरिकनांनी १९७० च्या दशकात बांधली. कॅटालिना हे गस्तीचे संथ विमान. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या आणि प्रसंगी ताशी ४४० पर्यंत जाऊ शकणाऱ्या की-७७ चा तिने पाठलाग करून ते पाडणे जवळजवळ अशक्यच होते.

मग दुसरीकडून? श्रीलंकेत लढाऊ विमाने होती, मालदीवमधील अड्डू बेटांवर धावपट्टी होती, ओमानमध्ये मसिरा आणि सलाला येथे तळ होते. मात्र त्या काळची एक इंजिनाची लढाऊ विमाने तळापासून काहीशे किलोमीटरपलीकडे फारशी जाऊ शकत नसत आणि जपान्यांना हे तळ ठाऊक नसतील असे मानता येत नाही. विमानवाहू जहाजांचा पर्यायही उरत नाही. ब्रिटिशांचे ‘इलस्ट्रियस’ हे मोठे विमानवाहू जहाज जानेवारी १९४३ मध्येच हिंदी महासागरातून निघून गेले होते आणि ते एका वर्षाने परतले.

आणखी एक गोष्ट. शत्रूचे मोठे विमान पाडल्यावर वैमानिक, तुकडी, वेळ आणि ठिकाण यांची नोंद होते आणि युद्ध संपल्यावर अशा हकिकती अभिमानाने सांगितल्या जातात. ब्रिटिशांनी पाडल्याचा दावा मात्र नेहमी कर्त्याविना, ‘पाडले गेले असावे’ याच भाषेत येतो. संकेतभेदनाचे गुपित राखण्यासाठी गप्प राहिले असतील, असा प्रतिवाद होऊ शकतो. पण ते गुपित १९७४ पासून जगजाहीर आहे.

मग काय झाले असण्याची शक्यता अधिक?

माझा कल हवामान आणि यंत्रबिघाड यांच्या एकत्रित खुलाशाकडे आहे. निर्णायक पुरावा त्यालाही नाही, पण त्यासाठी कोणतेही नसलेले विमानतळ कल्पावे लागत नाहीत.

महिना लक्षात घ्यावा. जुलैचा पहिला आठवडा म्हणजे ऐन आषाढ. कोकणात या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात कोणी जात नाही. त्याच नैऋत्य मोसमी वाऱ्यांत विमान समोरून किंवा बाजूने शिरणार होते. विषुववृत्ताच्या दक्षिणेने गेले असते तर वाऱ्याचा जोर कमी मिळाला असता, पण युरोपच्या दिशेने वळताना अरबी समुद्राचा पट्टा कुठेतरी ओलांडावाच लागणार होता.

आता वेळेचे गणित मांडू. ताशी ३०० किलोमीटर वेग धरला तर श्रीलंकेच्या रेखांशाजवळ पोचायला सुमारे नऊ तास आणि मालदीवच्या आसपास यायला अकरा-बारा तास लागतात. म्हणजे सर्वांत जड अवस्थेतले उड्डाण दिवसाउजेडी, आणि अरबी समुद्रावरचा टप्पा रात्री. त्या टप्प्यात ढगांमुळे तारे दिसले नाहीत तर स्थान ठरवणे अवघड होते, आणि बिनतारी संदेश पाठवणे म्हणजे शत्रूला आपला पत्ता देणे. चूक कळायलाही उशीर झाला असता.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर धोका पहिल्या काही तासांत अधिक होता. दोन इंजिनांच्या, इंधनाने तुडुंब भरलेल्या विमानाचे एक इंजिन तेल तापून बंद पडले तर उरलेल्या एकावर उंची राखणे कठीण असते. चाचण्यांत तेलाने ज्यांना सतावले त्या इंजिनांनी उष्ण कटिबंधातल्या दुपारी दगा दिला असेल, हे सहज संभवते. प्राणवायूच्या मुखवट्यांतला बिघाड हीही एक शक्यता आहे. दीड दिवसाच्या प्रवासात थकलेल्या माणसांना विरळ हवेचा परिणाम जाणवतच नाही. ही शक्यता मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

नेताजी या विमानाने जाणार होते, असे ऐकले आहे. त्यात तथ्य आहे का?

नाही. गोंधळ मात्र समजण्यासारखा आहे, कारण स्थळ आणि आठवडा एकच आहे. नेताजी २ जुलै १९४३ रोजी सिंगापूरला आले, ४ जुलै रोजी रासबिहारी बोस यांच्याकडून चळवळीची सूत्रे त्यांनी स्वीकारली, ५ जुलै रोजी आझाद हिंद फौजेचे संचलन झाले आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान तोजो यांनीही फौजेची पाहणी केली. त्यानंतरच्या सकाळी की-७७ निघाले. ९ जुलैच्या जाहीर सभेत नेताजी सिंगापुरातच बोलत होते. ऑगस्ट १९४५ मध्ये तैवानमध्ये कोसळलेले विमान अगदी वेगळे, म्हणजे मित्सुबिशीचे की-२१ बॉम्बफेकी विमान होते.

विमान गुपचूप उतरवून घेतले गेले असेल का? अवशेष सापडले आहेत का?

दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. आठपैकी एकही माणूस युद्धकैद्यांच्या यादीत किंवा युद्धानंतर कुठे प्रकट झाला नाही. समुद्रतळाबद्दल म्हणाल, तर शोधायचा पट्टा हजारो किलोमीटर लांब आणि बहुतेक ठिकाणी तीन-चार किलोमीटर खोल आहे. अपघाताची अंदाजे जागासुद्धा माहीत नसताना तेथे शोधमोहीम काढणे व्यवहार्य नाही.

जोडीच्या पहिल्या विमानाचे काय झाले?

मांचुरियातील विक्रमानंतर ते जपानमध्येच राहिले. शरणागतीनंतर अमेरिकनांनी ते ताब्यात घेतले. डिसेंबर १९४५ मध्ये ‘बोग’ या विमानवाहू जहाजावर चढवून ते योकोसुकाहून कॅलिफोर्नियातील अलामेडाला नेण्यात आले आणि पुढे भंगारात काढण्यात आले. संग्रहालयात जाऊन पाहावे असे एकही की-७७ म्हणून आज उरलेले नाही. या विमानाची जी छायाचित्रे पाहायला मिळतात, त्यांतली बरीचशी या पहिल्या विमानाची आहेत. बेपत्ता झालेल्या विमानाच्या हकिकतीखाली ती सर्रास छापली जातात.

यापुढे नवीन काही हाती लागण्याची शक्यता आहे का?

जपानी बाजूने फारशी नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती आणि अमेरिकन सैन्याचे आगमन यांच्या मधल्या दिवसांत तोक्योतील लष्करी कचेऱ्यांनी कागदपत्रांचे ढीग जाळले. ब्रिटिश बाजूने आशा जास्त आहे. उकललेले संदेश आता लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना खुले आहेत आणि हवाई तुकड्यांच्या दैनंदिन नोंदवह्याही तेथेच आहेत. पाडल्याच्या कथेचा निकाल लावायचा असेल, तर श्रीलंका, मालदीव, एडन आणि ओमान येथील तुकड्यांच्या ७ आणि ८ जुलै १९४३ च्या नोंदी आणि त्याच दिवसांचे साराबुसविषयीचे जर्मन संदेश शेजारी ठेवून वाचणे, हे पहिले काम आहे.